दासगाव ते महाड : गर्दी पांगल्यानंतरची वाट

आंबेडकरी तरुण मोर्चात चालतो, मिरवणुकीत चालतो, सहा डिसेंबरला दादरच्या रांगेत रात्रभर उभा राहतो. पण आपल्या घराजवळच्या नदीच्या काठाने, कुठलेही निमित्त नसताना आणि सोबत कोणी नसताना, तो दिवसभर चालत गेला आहे काय? हा प्रश्न आम्ही ओळखीतल्या पंधरा-वीस कार्यकर्त्यांना विचारला. बहुतेक हसले. एकाने विचारले, "कशाला? वेळ जास्त झालाय का?" दुसरा म्हणाला, "हे ट्रेकवाल्यांचे चोचले आहेत, आपल्याला परवडायचे नाहीत."

या उत्तरांशी आम्हाला वाद घालायचा आहे. नदीकाठाने एकट्याने चालणे हा आपल्यासाठी चळवळीबाहेरचा विषय नाही, असे आमचे म्हणणे आहे. महाडच्या लढ्याचा एक तुकडा अजून अर्धवट पडला आहे आणि तो नेमका या जागी अडकलेला आहे. तो कसा, हे समजायला १९२७ सालातले दोन प्रसंग पुन्हा पाहावे लागतील. दोन्ही आपल्याला पाठ आहेत, पण आपण ते पाण्याच्या बाजूने वाचतो. पायांच्या बाजूने वाचत नाही.

पहिला प्रसंग डिसेंबरचा. २४ तारखेला बाबासाहेब प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी सावित्री नदीवरच्या दासगाव बंदरात उतरले. धरमतरमार्गे आले असते तर अंतर कमी पडले असते. पण धरमतरहून पुढे मोटारीने यावे लागणार होते आणि मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर सगळे लोक मधेच अडकले असते. दासगावहून महाड सुमारे पाच मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पायी पोचता येईल, म्हणून ही लांबची वाट धरली गेली. ही निवड आम्हाला मनुस्मृती दहनाइतकीच विचार करण्यासारखी वाटते. ज्या माणसाला लहानपणी मसूर स्टेशनवर उतरल्यावर दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवानाने बैल हाकायला नकार दिला होता, त्याला वाहन म्हणजे दुसऱ्याची मर्जी हे पक्के ठाऊक होते. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच झाले. टांगेवाल्यांनी नकार दिला, टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि नदीवरच्या मोरीजवळ बाबासाहेब दगडावर फेकले गेले. पाय मोडला. तेव्हा दासगावची वाट निवडताना हिशोब साधा होता : जिथे पायांवर भिस्त ठेवता येईल ती वाट.

दुसरा प्रसंग मार्चचा, आणि आमच्या मुद्द्याचा गाभा तिथे आहे. २० मार्च १९२७ ला हजारोंची मिरवणूक चवदार तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, मग सगळ्यांनी केले. तळ्यावर कोणी हात उगारला नाही. मिरवणूक जशी गेली तशी शांतपणे मंडपात परत आली. मग हल्ला कधी झाला? गर्दी पांगल्यावर. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवली गेली. कोणी जेवत होते, कोणी बाजारात दोघे-तिघे फिरत होते, कोणी आपापल्या गावच्या वाटेला लागले होते. लाठ्या पडल्या त्या या सुट्या माणसांवर. गावोगाव निरोप गेले की परत येणाऱ्यांना वाटेत गाठा. जमाव म्हणून आपण तळ्यापर्यंत पोचलो, पण एकेकटा माणूस म्हणून घरी पोचताना मार खाल्ला.

तळ्याचा निकाल उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने लागला. वाटेचा निकाल कुठे लागला आहे? २०१४ साली खर्ड्यात एका शाळकरी मुलाला मारून टाकले, २०१५ साली शिर्डीत मोबाइलच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा जीव घेतला. दोघेही त्या वेळी मोर्चात नव्हते.  चळवळीने आपल्याला गर्दीत निर्भय केले यात शंका नाही, पण जातीने आपल्याला गाठायची वेळ बदललेली नाही. ती अजून गर्दी पांगायची वाट बघते.

म्हणून यंदा फेब्रुवारीत, कुठलीही जयंती, स्मृतिदिन, क्रांतिदिन नसलेला एक साधा मंगळवार बघून आम्ही दासगावला एसटीतून उतरलो आणि सावित्रीच्या काठाने महाडकडे एकटे चालू लागलो. गळ्यात निळा पट्टा नव्हता, पाठीवर बॅनर नव्हता. पाच मैलांना आम्हाला पाच तास लागले. हमरस्त्याने गेले तर दीड-दोन तासांचे काम. पण काठाने वाट सलग नाही. कुठे तिवरांचा चिखल, कुठे ओढा आडवा, कुठे कुंपण. दर थोड्या वेळाने वर शेतात चढायचे, बांधावरून जायचे, पुन्हा खाली उतरायचे.

दासगावविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण आजचे पोरगे महामार्गावरून जाताना त्या गावाकडे मान वळवून बघत नाही. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर इथे राहिले. 'विटाळ विध्वंसन' हे त्यांचे पुस्तक १८८८ चे, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्माआधीचे. महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा शेजारी बसायचे कसे, हा सवर्ण सभासदांपुढे मोठा पेच पडला होता. महाडची परिषद भरवण्यात ज्यांचा पुढाकार होता ते रा. बा. मोरे याच परिसरातले. महाडच्या इंग्रजी शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला तेव्हा त्या मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहून तो मिळवला होता. चवदार तळ्याचा लढा महाड शहरात घडला खरा, पण त्याची तयारी या नदीकाठच्या गावांत चाळीस वर्षे चालली होती.

सावित्री इथे खाडी आहे. उगम महाबळेश्वरला, पोलादपूर-महाडवरून येऊन हरिहरेश्वर-बाणकोटजवळ समुद्राला मिळते. दासगावपासून महाडपर्यंत भरती-ओहोटी जाणवते. आम्ही निघालो तेव्हा ओहोटी लागली होती. दोन्ही अंगांना काळा चिखल उघडा पडत चालला होता आणि त्यावर बगळे टप्पे घेत होते. मगरी आहेत. महाडकरांना हे नवे नाही, नदीकाठी त्या ऊन खात पडलेल्या दिसतात. आम्हाला एक दिसली, पलीकडच्या काठावर, आधी ओंडकाच वाटला. आपल्या लेखनात नदी आली की एक तर ती 'माता' असते आणि तिची आरती असते, नाही तर ती फक्त पाणवठ्याच्या अन्यायाचे प्रतीक असते. सावित्री या दोन्हींपेक्षा मोठी आहे आणि बघायला सुंदर आहे. हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. सौंदर्याचा सातबारा कोणाच्या नावावर लिहून दिलेला नाही.

आता माणसांकडे येऊ. पाच तासांत आम्हाला भेटलेल्या लोकांनी काय विचारले, ते क्रमाने सांगण्यासारखे आहे. पहिल्याने विचारले, "जागा बघायला आलात काय?" कोकणात अनोळखी माणूस शेताच्या कडेने चालताना दिसला की तो एजंट. कपडे धूत असलेल्या दोघी बायकांनी विचारले, "सर्व्हे हाय का कसला?" आम्ही नाही म्हटल्यावर त्यांना ते पटले नाही, आणि घरकुलाच्या यादीचे काय झाले ते त्यांनी विचारलेच. जाळे सोडवत बसलेल्या एका भोई बाबांनी आम्हाला प्रदूषण मंडळाचा माणूस ठरवले आणि मासे कसे कमी झाले, कधी पाण्याला कसा वास येतो, हे पाऊण तास ऐकवले. वरच्या अंगाला महाडची औद्योगिक वसाहत आहे आणि मासे मेल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. त्यांच्याशी बोलताना आम्ही वही काढली, म्हणजे त्यांचा संशय खराच ठरला.

वारीत चालणारा माउली असतो. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला लोक बोलावून जेवू घालतात. ट्रेकला आलेल्या शहरी पोराला गडाखालच्या घरी चुलीवरची भाकरी मिळते. या सगळ्या चालण्यांना समाजात नाव आहे, जागा आहे. आपल्या गावाजवळच्या नदीने नुसताच चालणारा माणूस मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याला बसवायला मग शेवटचा रकाना उघडावा लागतो.

तो दुपारी उघडला. एका वाडीच्या खालच्या अंगाला घराच्या पडवीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आम्ही पाणी मागितले. त्यांनी स्वतः उठून तांब्या भरून आणला, हातात दिला. उन्हाची चौकशी केली. मग, "कुठले?" आम्ही गाव सांगितले. "आडनाव?" आम्ही आडनाव सांगितले. त्या आडनावाचे लोक दोन्हीकडे असतात, त्यामुळे ते घुटमळले. "म्हणजे कोणातले?" आम्ही म्हटले, "बौद्ध." "अस्सं," म्हणाले. थोडे थांबले आणि म्हणाले, "तुमची वाडी वरच्या बाजूला आहे, आंब्याकडनं वाट जाते." आम्ही वाडी विचारली नव्हती. आम्हाला महाडला जायचे होते आणि तसे आधी सांगितलेही होते. गृहस्थ उद्धट नव्हते, उलट प्रेमाने वाट दाखवत होते. आम्ही तांब्या पायरीवर ठेवला आणि निघालो. नंतर तो कोणी उचलला, कसा उचलला, हे बघायला मागे वळलो नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात 'स्थानिक ओळख' यावर पुष्कळ शिकवले जाते. पण मोर्चातल्या माणसाला कोणी आडनाव विचारत नाही, कारण ते आधीच माहीत असते. मोटारसायकलवरच्या माणसाला विचारायला सवड मिळत नाही. हा प्रश्न पायी आणि एकट्या माणसालाच विचारला जातो. म्हणजे गावात जात आज किती आहे, कुठे आहे, कुठल्या शब्दांत बोलते, हे मोजायचे साधन तुमच्या दोन पायांजवळ आहे.

आणि केवळ माणसेच नाहीत, गावही वेगळे दिसते. रस्त्याने गावात शिरलात तर आधी कमान, मग देऊळ, ग्रामपंचायत, शाळा, आणि शेवटी कुठेतरी 'बौद्धवाडी'चा फाटा. गाव स्वतःला जसे दाखवू इच्छिते तसे. नदीच्या बाजूने तेच गाव पाठीकडून दिसते. नळपाणी योजनेची विहीर दिसते आणि पाइप कुठल्या वाडीकडे आधी वळतो, तेही दिसते. सांडपाण्याचा नाला कोणाच्या घरामागून सोडला आहे ते दिसते. कपडे धुवायचे दगड दिसतात. आज त्यांवर कोणाचे नाव नाही, पण जुन्या बाया अजून 'वरचं पाणी' आणि 'खालचं पाणी' असे म्हणतात. आमच्या आजीच्या तोंडी 'खालचं पाणी' हा शब्द इतका सहज यायचा की लहानपणी आम्हाला ते एखाद्या जागेचे नावच वाटे. खाडीत गंमत अशी की दिवसातून दोनदा भरती येते आणि खालचे पाणी सगळ्यांदेखत वर जाते. त्याला अडवायला कोणी लाठी घेऊन उभे राहिल्याचे ऐकिवात नाही.

सगळ्यात उघडी गोष्ट म्हणजे स्मशान. नदीकाठाने चालणाऱ्याला एका गावाची दोन-दोन, कधी तीन स्मशाने लागतात. एकाला पत्र्याची शेड, बसायला कट्टे, सिमेंटचा रस्ता, कोणा पुढाऱ्याच्या निधीची पाटी. थोडे पुढे गेले की नुसती काळवंडलेली जागा, वर छप्पर नाही, पावसात तिरडी घेऊन यायला वाट नाही. ही दुसरी जागा कोणाची, हे विचारावे लागत नाही. २०२० साली शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलतीलही. स्मशानाला पाटीच नसते, तिथे काय बदलणार? सामाजिक कामात आम्ही दहा वर्षे आहोत, कितीतरी अर्ज लिहून दिले आहेत. पण सलग तीन-चार गावांची स्मशाने एका दिवसात, एका रेषेत पाहिल्यावर जो नमुना डोळ्यांपुढे येतो, तो कचेरीत बसून येत नाही.

एम. एन. श्रीनिवास यांचे 'द रिमेंबर्ड व्हिलेज' (१९७६) आम्हाला एम.ए.ला अभ्यासाला होते. त्यांनी कर्नाटकातल्या रामपुरा गावाचा अभ्यास केला तो गावच्या पाटलाच्या आश्रयाला राहून. पुस्तक मोठे आहे आणि वाचनीय आहे. पण ज्या ओट्यावर बसून गाव पाहिले, तिथून जेवढे दिसायचे तेवढेच दिसले. आपल्या पोरांना कोणी ओट्यावर बसवणार नाही. ठीक आहे. नदीचे पात्र आहे.

तेही राहील की नाही, हा प्रश्न आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणानंतर आणि मुंबईकरांच्या जमीनखरेदीनंतर काठाला तारेची कुंपणे वाढत चालली आहेत. अशाच एका कुंपणाशी आम्हाला राखणदाराने अडवले. कातकरी पोरगा होता, विशी-बाविशीचा. "इकडून रस्ता नाय, मालकांची जागा हाय." आम्ही विचारले, "नदी पण मालकांची?" तो हसला आणि म्हणाला, "माझी असती तर सोडलं असतं." त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. ज्यांच्या पिढ्या या नदीत मासे-खेकडे धरत आल्या, त्यांच्याच पोराला नदी अडवायच्या नोकरीवर ठेवले आहे. आम्ही कुंपणाला वळसा घालून पात्रात उतरलो आणि गुडघाभर चिखलातून पलीकडे गेलो. तो वरून "तिकडं नको, इकडं घट्ट हाय" असे सांगत राहिला.

कायदा इथे माहीत असावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० सांगते की दुसऱ्या कोणाची मालकी नसलेल्या नद्या, नाले, त्यांची पात्रे, सार्वजनिक रस्ते ही शासनाची मालमत्ता. काठावरचे शेत खासगी असू शकते, पण म्हणून नदी खासगी होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते एकाच दमात लिहिलेले आहेत. ही यादी महाड माहीत असलेल्या माणसांच्या काळातली आहे, हे वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातीच्या माणसाला रूढीने चालत आलेल्या वाटेने जाण्यास अडवणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण 'रूढीने चालत आलेली वाट' सिद्ध करायची तर त्या वाटेने कोणीतरी चालत असले पाहिजे. ज्या वाटेवर आपण दहा वर्षे पाऊल टाकलेले नाही, तिच्यावर तलाठ्यापुढे हक्क कसा सांगणार?

आता आक्षेपांकडे वळतो. बिनकामाचे फिरणे ही रिकाम्या पोटाची गोष्ट नाही, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. आम्ही त्यांचा आदर करतो, पण इथे इतिहास उलटा आहे. आपले पूर्वज चालले नाहीत असे नाही. वेसकर म्हणून चालले, सरकारी माणसाचे ओझे घेऊन या गावाहून त्या गावाला चालले, मयताची बातमी पोचवायला रात्री-अपरात्री चालले. बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाविरुद्ध विधेयक मांडले, वतन कायद्याने गेले ते १९५८ साली. तोवरचे सगळे चालणे दुसऱ्याच्या कामासाठी होते. आपल्या मर्जीने, कोणाचाही निरोप न घेता, कोणाचेही ओझे न उचलता चालणे हीच गोष्ट आपल्याकडे नवी आहे. तिला चैन म्हणून हिणवताना आपण कोणाच्या तोंडचे वाक्य बोलतो आहोत, हे तपासावे.

दुसरा आक्षेप एका मुलीचा. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आम्ही हा सगळा वृत्तान्त सांगितल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला आडनाव विचारलं. मी गेले असते तर आधी घरच्यांनीच विचारलं असतं, कोणाला भेटायला गेली होतीस?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही पूर्ण उत्तर नाही. नदीवर आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, पण हंडा नाही तर धुण्याचे पाटले घेऊन. रिकाम्या हाताने गेलेल्या बाईला सवर्ण गाव सोडा, आपली वाडीही माफ करत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी बायकांशी वेगळे बोलून त्यांना पेहराव बदलायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी बायका बदललेल्या लुगड्याने हिंडल्या. एका रात्रीत ते झाले, कारण घरच्या पुरुषांनी अडवले नाही. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या भावांनो, तुम्ही स्वतः नदीवर जाल तेव्हा जा. आधी घरातल्या मुलीने विचारले तर दार अडवू नका.

दुपारनंतर आम्ही गांधारपाल्याला पोचलो. महामार्गावरून डोंगरात दिसतात ती लेणी. विहार, चैत्य, पाण्याच्या टाक्या मिळून अठ्ठावीसच्या आसपास कोरीव कामे आहेत. गावात आणि सरकारी बोलण्यातही अजून 'पांडवलेणी' म्हणतात. इथल्या शिलालेखात एका राजकुमाराने लेणे, खोल्या आणि पाण्याच्या टाक्या दान दिल्याची नोंद आहे. वर चढून ओसरीत बसले की खाली गांधारी आणि सावित्री दिसतात आणि पलीकडे महाड शहर. चवदार तळे इथून चालत जाण्याच्या अंतरावर. जिथे येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्खूसाठी टाक्या खोदून पाणी साठवले, त्याच परिसरात पुढे तळ्यावर पहारा बसला. या दोन काळांमध्ये काय घडले ते ओसरीत बसून विचार करण्यासारखे आहे. आमच्याखेरीज तिथे एक शेळ्या राखणारा मुलगा होता आणि वटवाघळे.

भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने अशा ठिकाणी राहत, उरलेले वर्ष चारिका. पहिल्या साठ भिक्खूंना धम्मप्रसारासाठी पाठवताना तथागतांनी दोघांना एका वाटेने जाऊ दिले नाही. आम्ही हे पूर्वी अनेकदा वाचले होते आणि त्यात फक्त काटकसर पाहिली होती : साठ माणसे, साठ वाटा, जास्त गावे. चालून आल्यावर दुसरी बाजू लक्षात आली. सोबत कोणी असले की माणूस सोबत्याशी बोलतो. एकटा असला की समोरच्याशी बोलावे लागते. भोई बाबा, धुणेवाल्या बाया, कातकरी पोरगा, तांब्या देणारे गृहस्थ यांतले कोणीही आमच्याशी बोलले नसते, जर आम्ही पाच जण टी-शर्ट घालून गेलो असतो. आणि ज्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय लढायला निघाले, जिच्यामुळे सिद्धार्थाने घर सोडले असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मांडले, ती नदीही सिद्धार्थाच्या घराजवळचीच होती.

या सगळ्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी : चार गावांच्या स्मशानांची टिपणे आम्ही काढली आहेत, सर्व्हे नंबर शोधायचे काम चालू आहे आणि ग्रामसभांसाठी ठराव तयार होत आहेत. २०२१ च्या जुलैच्या महापुरात आम्ही मदतीच्या याद्या घेऊन याच गावांत फिरलो होतो, पण तेव्हा घरे मोजली होती, वाटा मोजल्या नव्हत्या.

ज्यांना दासगाव-महाड चालायचे आहे त्यांनी भरती-ओहोटीची वेळ आधी बघावी आणि ओहोटी लागताना निघावे. जून ते सप्टेंबर अजिबात जाऊ नये. पाण्याच्या अगदी कडेला बसू नये, मगरींची थट्टा नाही. भाकरी, दोन बाटल्या पाणी, वही, जुनी चप्पल नको, पायाला घट्ट बसणारे बूट. केंबुर्ली, वहूर या बाजूला काठ सुटला की वर महामार्गावर यावे, पण गाड्यांचा वेग फार असतो, तेव्हा कडेने. महाडात शिरण्याआधी गांधारी पुलावरूनच ओलांडावी. घरी कोणाला तरी वेळ सांगून निघावे. महाड किंवा सावित्रीच हवी असे नाही. तुमच्या गावाजवळ वशिष्ठी असेल, कोयना असेल, मांजरा, पूर्णा, वैनगंगा असेल, नाव नसलेला ओढा असेल. रविवार शक्यतो टाळा, मंगळवार-बुधवार बघा. आणि आडनाव विचारले तर पूर्ण सांगा.